स्टीव्हंटनचा नाताळ-तक्ता: प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर २०२५

काम ठरलं एकदाचं. येत्या १६ डिसेंबरला इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टेनच्या जन्माला २५० वर्षं होतात आणि वाचनालयाला त्या निमित्ताने दर्शनी भिंतीवर काहीतरी लावायचंय. ग्रंथपाल बाईंच्या डोक्यात कादंबऱ्यांची मुखपृष्ठं आणि खाली चार-चार ओळींचा परिचय होता. मी म्हटलं, बाई, ते नेहमीचंच आहे, या वेळी तिचं घर मांडू या. हँपशायरमधलं स्टीव्हंटन हे खेडं, बेसिंगस्टोकपासून ७ मैलांवर. वडील पाद्री. पण नुसत्या पाद्रीपणावर आठ मुलं पोसली जात नाहीत, म्हणून शेतीही बघायचे आणि शिकवणीची मुलं घरातच ठेवून घ्यायचे. नाताळात सगळे जमत, नाटकं करत, हे ऑस्टेनवरच्या कोणत्याही लेखात सापडतं. पण नक्की कोणत्या साली कोण कोण होतं, असं विचारलं की लेख गप्प होतात.

म्हणून तक्ता. आडव्या ओळींत एकेक नाताळ, १७६८ पासून १८०८ पर्यंत. उभ्या रकान्यांत माणसं. १७६८ अशासाठी की त्या वर्षी हे कुटुंब शेजारच्या डीन गावातून स्टीव्हंटनच्या पाद्रीवाड्यात आलं. रस्ता इतका खराब होता की सौ. ऑस्टेन सामानाच्या गाडीवर पिसांच्या गादीवर बसून आल्या, असं घरात सांगत. १८०९ मध्ये चॉटन गावातलं घर सुरू होतं, तो वेगळा विषय.

रंग: त्या काळच्या कागदाचा आधार असेल तर गडद हिरवा, नुसता तर्क असेल तर फिका हिरवा. दुसरीकडे असल्याचा आधार असेल तर लाल. काहीच हाताशी नसेल तर चौकट पांढरी. ‘बहुधा’ हा शब्द भिंतीवर चढणार नाही, ही माझी अट. बाई हसल्या, पण हो म्हणाल्या.

६ नोव्हेंबर

नावांनी जीव खाल्ला. वडील जॉर्ज, दुसरा मुलगा जॉर्ज, पुढे एडवर्डचा मुलगा जॉर्ज. आई कॅसँड्रा, मोठी मुलगी कॅसँड्रा. आपली जेन, मावशी जेन, मावशीची मुलगीही जेन. एडवर्ड नावाचा भाऊ, एडवर्ड नावाचा मावसभाऊ. फिलाडेल्फिया दोन: एक आत्या आणि एक चुलत बहीण. ही चुलत बहीण म्हणजे जॉर्जरावांच्या सावत्र भावाची मुलगी. आई एक, वडील वेगळे.

भाचीने तोडगा काढला. प्रत्येक नावाच्या आधी जेनशी असलेलं नातं लावायचं: आत्या फिलाडेल्फिया, चुलत फिली, मावस जेन, आते एलिझा. एक्सेलमध्ये तेच घातलं. तासाभरात निम्मा गोंधळ निवळला.

भावंडांचा क्रम एकदा लिहून ठेवते, पुन्हा पुन्हा शोधायला नको: जेम्स १७६५, जॉर्ज १७६६, एडवर्ड १७६७, हेन्री १७७१, कॅसँड्रा १७७३, फ्रँक १७७४, जेन १७७५, चार्ल्स १७७९.

८ नोव्हेंबर

ओळ किती रुंद धरायची यावर भाचीशी वाद. तिचं म्हणणं, नाताळ म्हणजे २५ तारीख. माझं म्हणणं, तेव्हाचा नाताळ म्हणजे निदान ६ जानेवारीपर्यंतचे बारा दिवस. पाहुणे २५ ला येऊन २६ ला जात नसत. तसल्या चिखलाच्या रस्त्यांनी एकदा आलेला माणूस महिनाभर राही. शेवटी २१ डिसेंबर ते ६ जानेवारी अशी ओळ धरली.

दुसरी गोष्ट आजच लक्षात आली आणि ती फार कामाची आहे. हे लोक नाताळातच का जमायचे? श्रद्धा आहेच, पण सोयही आहे. शिकवणीची मुलं सुटीत आपापल्या घरी जात, म्हणजे खोल्या मोकळ्या. पहिल्या मजल्यावर सात शयनगृहं, वर माळ्यावर तीन खोल्या. मोठा जेम्स ऑक्सफर्डला, त्याला तेव्हाच सुटी. फ्रँक १७८६ च्या एप्रिलपासून पोर्ट्समथच्या आरमारी शाळेत, त्यालाही तेव्हाच. थोडक्यात, पाहुण्यांना जागा आणि मुलांना सवड यांची गाठ वर्षातून एकदाच पडायची.

तान्ह्या मुलांचा घोळ वेगळा. या घरात मूल काही महिन्यांचं झालं की गावातल्या बाईकडे सांभाळायला देत आणि चालू-बोलू लागलं की घरी आणत. आईवडील भेटायला जात, पण मूल झोपायचं तिच्याकडेच. म्हणजे १७७६ च्या नाताळात एक वर्षाची जेन कोणत्या छपराखाली होती? फिका हिरवासुद्धा लावता येत नाही. पांढरं ठेवलं. १७७५ ला मात्र गडद हिरवा, कारण जन्माच्या दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला वडिलांनी लिहिलेलं पत्र आहे आणि त्याच दिवशी त्यांनी घरातच तिचा बाप्तिस्मा उरकला. थंडी अशी कडक की चर्चमधला विधी ५ एप्रिल १७७६ ला झाला. नऊ दिवसांची पोर आणि बाळंतीण, त्या नाताळात आणखी कुणाचा पाहुणचार झाला असेल असं वाटत नाही.

११ नोव्हेंबर

आज एलिझाचा रकाना. हा माझा सगळ्यात आवडता रकाना आणि आपल्याकडच्या वाचकाला सगळ्यात जवळचा.

जॉर्जरावांची बहीण फिलाडेल्फिया. आईवडील लहानपणीच गेलेले, हुंड्याला पैसा नाही. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे नवरा शोधायला तिने हिंदुस्थानचं जहाज धरलं. १७५२ च्या जानेवारीत ती निघाली त्या जहाजाचं नाव ‘बॉम्बे कॅसल’. उतरली मात्र मद्रासला. पुढच्याच वर्षी कंपनीच्या नोकरीतला शल्यवैद्य टायसो सॉल हॅनकॉक याच्याशी लग्न. नंतर बंगाल, तिथे वॉरन हेस्टिंग्जशी दोस्ती आणि व्यापारातली भागीदारी. २२ डिसेंबर १७६१ ला कलकत्त्यात मुलगी झाली, हीच एलिझा. हेस्टिंग्ज तिचा धर्मपिता. त्याने तिच्या नावे पुढे १०,००० पौंड लावून दिले, त्यामुळे लोक काय बोलत असतील ते सांगायला नको.

हा तोच हेस्टिंग्ज. वडगावला इंग्रजांची फजिती झाली तेव्हा गव्हर्नर-जनरल होता तो, आणि सालबाईचा तह झाला तोही त्याच्याच काळात. तारखा शेजारी ठेवल्या तर मजा येते. तह १७ मे १७८२ चा; नाना फडणवीसांनी त्याला मान्यता दिली १७८३ च्या फेब्रुवारीत. याच दोन तारखांच्या मधे, १७८२ सालीच, स्टीव्हंटनच्या घरात ‘मटिल्डा’ नावाची शोकांतिका उभी राहिली. नांदी आणि भरतवाक्य जेम्सने पद्यात लिहिलं, नांदी एडवर्डने म्हटली. पुण्यात नाना सहीला वेळ लावतायत आणि हेस्टिंग्जच्या धर्मकन्येची मामेभावंडं नाटक बसवतायत. भिंतीवरच्या तक्त्यात याला जागा नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

एलिझाने १७८१ मध्ये एका फ्रेंच कप्तानाशी, कापो द फ्यीदशी लग्न केलं. तो १७९४ मध्ये गिलोटिनखाली गेला. पुढचं पुढे.

१४ नोव्हेंबर

सबंध प्रकल्पातली सगळ्यात भरलेली ओळ आज पुरी झाली: १७८६. सौ. ऑस्टेननी ३१ डिसेंबरला चुलत फिलीला लिहिलेलं पत्र.

तीन-चारदा वाचलं. बाई लिहिते कशी, जणू शिधा मोजतेय. नणंद, भाची आणि तिचा छोटा मुलगा गेल्या गुरुवारच्या आधीच्या गुरुवारी आले, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत राहतील. पाच मुलं घरी आहेत: हेन्री, फ्रँक, चार्ल्स आणि दोन्ही मुली, ज्यांची शाळा आता कायमची सुटली. फ्रँक थोड्याच दिवसांत पोर्ट्समथला परत जाईल, त्याला नाताळची सुटी तोकडीच. एडवर्ड स्वित्झर्लंडमध्ये, मजेत. जेम्स आठेक आठवड्यांपूर्वी फ्रान्सला गेला, एलिझाच्या नवऱ्याकडे. पियानो उसना आणलाय, एलिझा रोज वाजवते. मंगळवारी बैठकीच्या खोलीत छोटासा नाच आहे, घरचेच सगळे, कारण कूपरांची दोन मुलं उद्या येतायत.

आता हिशेब. ३१ डिसेंबर १७८६ हा रविवार. म्हणजे पाहुणे आले तो गुरुवार २१ तारखेचा, आणि दुसऱ्या दिवशी एलिझाला २५ वर्षं पूर्ण. पत्रात वाढदिवसाचा उल्लेख नाही, पण तारखा जुळतात. नाचाचा मंगळवार २ जानेवारीचा. त्या रात्री, फ्रँक तोवर निघाला नसेल तर, छपराखाली घरचे सात, आत्याकडचे तीन, कूपर दोन: बारा जण, नोकरमाणसं वेगळी. कूपर मुलांची आई, म्हणजे जेनची मावशी, तीन वर्षांपूर्वी तापाने गेली होती. मावशीच्या घरी नाताळाला येणं म्हणजे त्या दोघांना काय असेल, हे पत्र सांगत नाही.

एकाच कागदातून इतक्या चौकटी रंगल्या की भाची म्हणाली, “मावशी, अशी चाळीस पत्रं असती तर आपलं काम आठवड्यात झालं असतं.” नाहीत ना.

१९ नोव्हेंबर

१७८७. या वर्षी कोठाराचं नाटकघर झालं. सेंटलिव्हर या बाईंचं ‘द वंडर’ हे सुखान्त नाटक, २६ आणि २८ डिसेंबर. तारखा जेम्सच्या पद्यांवर आहेत, म्हणून गडद हिरवा. नायिका एलिझा.

हे आधीपासून कसं कळतं? तर चुलत फिलीमुळे. एलिझा नोव्हेंबरात तिला पत्रामागून पत्र लिहीत होती: ये ना, घर पाहुण्यांनी भरलेलं असेल, नाच असतील, जेम्स फ्रान्सहून आलाय, तोही काम करतोय. फिलीला नाटकात उभं राहणं पटत नव्हतं. बघायला येईन, काम करणार नाही, असं तिचं म्हणणं. त्यावर एलिझाने मामीचा निरोप कळवला: रिकामटेकड्या तरुण मंडळींसाठी घरात जागा नाही! काम करायचं असेल तर ये. फिली आली नाही.

आली असती तर एलिझाची ही पत्रं लिहिलीच गेली नसती. कोठारात कुणी काय केलं हे आज आपल्याला कळतंय ते न आलेल्या बाईच्या पेटीतल्या कागदांवरून. आज संध्याकाळी तक्त्याकडे या नजरेने पाहिलं आणि सगळा नकाशाच फिरला. गडद हिरव्या चौकटी जिथे जिथे आहेत, तिथे शेजारी कुठेतरी लाल चौकट आहेच. कुणीतरी दूर असल्याशिवाय जवळच्यांची नोंद होत नाही.

ताबडतोब नवा रकाना काढला: ‘ही ओळ कुणाच्या गैरहजेरीमुळे कळली’. बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, हाच पहिला रकाना करा.

२० नोव्हेंबर

नव्या रकान्यामुळे रुंदी वाढली, अक्षर बारीक झालं. फ्लेक्सवाल्याला विचारलं: १२ फूट रुंदीपर्यंत जोड न देता होईल. ठीक.

२४ नोव्हेंबर

नवा रकाना भराभर भरतोय.

१७८८: घरच्या नाटकात मावस जेनने रॉक्सलाना केली आणि हेन्रीने सुलतान, हे कळवणारी एलिझा स्वतः पॅरिसमध्ये होती, आणि १७८९ च्या फेब्रुवारीत कळवलं तेही पुन्हा फिलीलाच. म्हणजे दोघी बाहेरच्या. फ्रँकची चौकट लाल, तीही भडक: १४ वर्षांचा पोरगा २३ डिसेंबरला, नाताळाच्या तोंडावर, ‘पर्सिव्हरन्स’ जहाजावरून पूर्वेकडच्या आरमारात रवाना झाला आणि परतला तो १७९३ च्या हिवाळ्यात. इकडे घरात टाळ्या पडत असताना तिकडे तो खाडीतून बाहेर पडत होता.

१७९८: जेनची स्वतःची पत्रं मिळतात, कारण कॅसँड्रा केंटमध्ये गॉडमर्शमला, एडवर्डच्या घरी. २४ डिसेंबरच्या पत्रात एका नाचाची हकिकत: एकूण ३१ माणसं, त्यांत बायका फक्त ११. वीस नाच झाले, वीसही मी नाचले, दम लागला नाही, असं ती लिहिते. तेवीस वर्षांची मुलगी, लिहिणारच. चार दिवसांनी पुढचं पत्र: फ्रँकला बढती, कमांडर झाला, ‘पेटरेल’ जहाज मिळालं.

१८०८: जेन आई आणि मैत्रीण मार्था लॉइडसोबत साउदॅम्प्टनला, कॅसँड्रा पुन्हा गॉडमर्शमला. तिथे ऑक्टोबरात एडवर्डची बायको अकराव्या बाळंतपणानंतर गेली होती.

आणि ज्या ज्या वर्षी दोघी बहिणी एका घरात होत्या, ती ओळ जवळजवळ कोरी. मुळात जेनची पत्रं उरलीत ती १६० च्या आसपास. बरीच कॅसँड्रानेच पुढे जाळली. पण न जाळती तरी या ओळी भरल्या नसत्या. एकाच खोलीत झोपणाऱ्या बहिणी एकमेकींना पत्रं कशाला लिहितील?

२८ नोव्हेंबर

लग्नांचा शोध घेतला, कारण नोंदवही कुणी घरी आहे की बाहेर याची पर्वा करत नाही. कॅसँड्राच्या शेकोटीतून वाचलेला हा कागद.

एडवर्डचं लग्न २७ डिसेंबर १७९१, केंटमध्ये, एकाच मांडवात मेहुणीचंही. मावस जेनचं ११ डिसेंबर १७९२, स्टीव्हंटनलाच. जेम्सचं दुसरं लग्न १७ जानेवारी १७९७. हेन्रीचं ३१ डिसेंबर १७९७, लंडनमध्ये, आणि वधू कोण, तर एलिझा! विधवा, दहा वर्षांनी मोठी आणि आत्याची मुलगी. आपल्याकडे मामाची मुलगी करतात. आत्याची म्हटलं की आजही एखादी आजी तोंडाला पदर लावेल. शिवाय पौषात लग्न काढलं म्हणून वेगळी बोलणी. इथे मात्र हिवाळ्याचा हंगाम सोयीचा पडलेला दिसतो.

स्टीव्हंटनची विवाह-नोंदवही विंचेस्टरच्या अभिलेखागारात आहे. सुरुवातीच्या नमुना पानावर कोऱ्या जागा कशा भरायच्या ते दाखवलेलं असतं. पाद्रीबाबांच्या धाकट्या मुलीने त्या जागा भरून टाकल्या: एकदा नवरा लंडनचा हेन्री फ्रेडरिक हॉवर्ड फिट्सविल्यम, एकदा लिव्हरपूलचा एडमंड आर्थर विल्यम मॉर्टिमर, आणि शेवटी साधा जॅक स्मिथ. सरकारी वहीत! वडिलांनी पान फाडलं नाही, हे त्यांच्या खात्यावर जमा.

२ डिसेंबर

जॉर्जचा रकाना. वडील नव्हे, दुसरा मुलगा.

हा रकाना मी मागे मागे ढकलत होते. त्याला फिट्स यायच्या. तो लहानपणापासून घराबाहेर, दुसऱ्यांकडे सांभाळायला. ९ डिसेंबर १७७० ला आई लिहिते की बिचारा छोटा जॉर्ज आज मला भेटायला आलाय, बरा दिसतो, पण नुकतीच त्याला फिट आली. जवळजवळ वर्षभर आली नव्हती म्हणून आशा वाटत होती. चार वर्षांचं मूल आईला ‘भेटायला’ आलंय. त्या साली नाताळापर्यंत राहिला का, माहीत नाही. पांढरं.

त्यानंतर १७७१, ७२, ७३, खाली खाली सगळं पांढरं.

मग १७८६ ची ओळ पुन्हा काढली. आईने मोजलेली मुलं: घरी पाच, बाहेर दोन. सात. आठ मुलांच्या आईने वर्षअखेरीचा हिशेब घातला आणि सातवर थांबली. जेम्स फ्रान्समध्ये, एडवर्ड स्वित्झर्लंडमध्ये, त्यांची खबर आहे. तोच वीस वर्षांचा जॉर्ज मात्र पत्रात नाही. निष्ठुरपणा म्हणून मी हे लिहीत नाही. फिलीला सगळं ठाऊक होतं, रोज उगाळायचं काय, असंही असेल. पण माझा न आलेल्यांचा नियम इथे मोडतो. न आलेल्यांमुळे आपल्याला कळतं खरं, पण फक्त त्यांच्यामुळे ज्यांना पत्र लिहिता येतं.

पुढे तो मंक शेरबोर्नला कल्लम नावाच्या कुटुंबाकडे राहिला, आईचा तसाच एक भाऊ थॉमसही तिथेच. १८७० च्या सुमारास पुतण्याने जेनचं चरित्र छापलं, त्यात एडवर्डला तिचा ‘दुसरा भाऊ’ म्हटलंय. जॉर्ज गणतीतूनच गेला. पण इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ ला सुरू झाली आणि जॉर्ज गेला १७ जानेवारी १८३८ ला, ७१ वर्षांचा होऊन. सात महिने आधी जाता तर ही नोंदही नसती. त्या दाखल्यावर त्याच्या नावापुढे ‘सद्गृहस्थ’ असं लिहिलंय.

एक धागा, इथेच नोंदवते. २७ डिसेंबर १८०८ च्या पत्रात जेन एका ठार बहिऱ्या गृहस्थाबद्दल लिहिते: कानाशी तोफ डागली तरी ऐकू जाणार नाही म्हणतात; तोफ हाताशी नव्हती, म्हणून मी थोडं बोटांनी बोलले. ही बोटांची भाषा ती कुणासाठी शिकली असेल? बरेच अभ्यासक जॉर्जकडे बोट दाखवतात. पटतं मला. पण तक्त्याच्या नियमाने हा फार तर फिका हिरवा, आणि तोही कोणत्याच नाताळाचा नाही.

भाचीने सुचवलं, रकाना काढून टाकू, उगाच कोरी पट्टी दिसते. नाही म्हटलं. जेम्स आणि एडवर्डच्या मधे, जन्मक्रमाने, आहे तिथेच राहील.

४ डिसेंबर

चित्रकार काकांनी चारी कोपऱ्यांत चांदण्या लावलेलं नाताळचं झाड काढून आणलं, वर सांताबाबा. सुंदर काढलंय, पण पन्नासएक वर्षं लवकर. इंग्लंडच्या घराघरांत झाड पसरलं ते १८४० नंतर, व्हिक्टोरिया राणीच्या काळात. शुभेच्छापत्र १८४३ चं. स्टीव्हंटनला होली, आयव्ही, मिसलटो यांची हिरवी पानं आणि चुलीत एक मोठा ओंडका. काका नाराज. “मग लोकांना नाताळ कसा कळणार हो?” पाने काढून देतो म्हणाले, ओंडक्याला मात्र पैसे वाढवून मागितले.

२६ तारखेला नोकरांना आणि हरकाम्यांना देत ती ‘ख्रिसमस बॉक्स’ म्हणजे आपली दिवाळीची पोस्त, ही ओळ काकांनीच सुचवली. घेतली.

७ डिसेंबर

रविवार, बालविभागात प्रयोग. एडवर्डची थोरली फॅनी, वय १०, हिने जानेवारी १८०४ मध्ये आपल्या शिक्षिकाबाईंना गॉडमर्शमच्या नाताळातला एक खेळ कळवला होता (शिक्षिका नोकरी सोडून गेलेल्या, म्हणून पत्र, नियम पुन्हा लागू). कथलाच्या मोठ्या ताटात पिठाचा उभा ढीग करायचा, टोकावर बंदुकीची गोळी ठेवायची. प्रत्येकाने सुरीने कड कापायची. ज्याच्या हातून गोळी पडेल त्याने ती पिठात नाक-हनुवटी खुपसून तोंडाने काढायची. हात लावायचा नाही आणि हसायचं नाही, हसलं की पीठ नाकातोंडात जातं.

आम्ही स्टीलची परात, मैदा आणि मोठी गोटी घेतली. कणीक घेऊन पाहिली होती, ढीग उभा राहत नाही. मैदा दाबून वाटीने उपडा केला की राहतो. सुरीऐवजी पट्टी. पहिल्या सात-आठ जणांनी कडेकडेने कातरलं, मग एका चुणचुणीत मुलीने सरळ मधे पट्टी घातली. गोटी आत गडप. ती वाकली, सगळे गप्प, आणि मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. पुढचं सांगायला नको. बाईंचं टेबल, रजिस्टर, पंखा, सगळं पांढरं. पंखा बंद करायला हवा होता, असं शिपाईकाका तीनदा म्हणाले.

फोटो छान आलेत. एक तक्त्याच्या कडेला जाईल.

१२ डिसेंबर

छपाईला दिलं. शेवटची मोजदाद केली नाही, मुद्दामच. भिंतीवर बघणाऱ्याने रंग बघावेत. लांबून पाहिलं तर १७८६ ते १७८८ हा हिरवा पट्टा उठून दिसतो आणि १७९० नंतर लाल वाढत जातो: आरमार, लग्नं, केंट, बाथ. जॉर्जरावांचा रकाना जानेवारी १८०५ ला संपतो.

१६ डिसेंबर

तक्ता लागला. सकाळपासून माणसं येतायत. शाळकरी मुलं आधी मैद्याचा फोटो बघतात, मग आपापल्या वाढदिवसाच्या साली कोण कुठे होतं ते शोधायला लागतात आणि इतकी जुनी सालं बघून नाराज होतात.

दुपारी एक आजी बराच वेळ उभ्या होत्या. मला बोलावलं. “अहो ताई, बारा माणसं जेवायला म्हणता, मग रांधलं कुणी? त्यांचा रकाना कुठाय?”

खरंच नव्हता. घरी येऊन २४ डिसेंबर १७९८ चं पत्र पुन्हा काढलं. स्वयंपाकघरातलं कुणी त्या पानावर नाही, पण गावातल्या सहा बायका आहेत. यंदा गरिबांना काय काय दिलं याचा हिशेब जेन बहिणीला देते: लोकरी मोज्यांचा एकेक जोड मेरी हचिन्स, डेम क्यू, मेरी स्टीव्हन्स आणि डेम स्टेपल्स यांना, हॅना स्टेपल्सला अंगातला झगा, बेटी डॉकिन्सला शाल. सगळं मिळून सुमारे अर्धी गिनी, म्हणजे साडेदहा शिलिंग.

सहाही नावं, कुणाला काय मिळालं त्यासकट, १७९८ च्या ओळीखाली जोडपट्टीवर घेतली. रंग गडद हिरवा. फ्लेक्सवाला म्हणतो गुरुवारी देतो.